गिअरबॉक्सची निवड : ‘एम.जी.बी.’ मोटारीच्या निमित्ताने

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गिअरबॉक्सवर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. माझे उत्तर असे की, जुनी वस्तू वापरात ठेवायची तर तिच्यात किती बदल करावा, हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात जसा येतो तसाच गॅरेजमध्येही येतो. गॅरेजमध्ये मात्र त्याच्या उत्तराचा बराच भाग आकडेमोड करून तपासता येतो. म्हणून हा विषय मला अभ्यासण्याजोगा वाटला.

उदाहरणासाठी मी इंग्लंडमधील ‘एम.जी.बी.’ ही दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली आहे. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथील कारखान्यात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील पुष्कळ आजही रस्त्यावर आहेत. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ‘बी सिरीज’ घराण्यातले. आपल्याकडील जुन्या ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले होते. तेव्हा ही गाडी परदेशी असली तरी तिचे हृदय आपल्या ओळखीचे आहे.

मूळ गिअरबॉक्स

एम.जी.बी.ला चार गिअर असत. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. सिंक्रोमेश म्हणजे दोन फिरत्या भागांची गती घर्षणाने सारखी करणारी शंकूच्या आकाराची रिंग. ती नसेल, तर गती जुळवण्याचे काम चालकाला करावे लागते. माझे आजोबा मालट्रक चालवीत. ‘डबल क्लच’ हा शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकला. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर, असा तो क्रम. १९६७ च्या अखेरीस चारही गिअरना सिंक्रोमेश असलेला नवा गिअरबॉक्स आला आणि त्यासाठी गाडीच्या मधला बोगदाही रुंद करण्यात आला. त्यामुळे नंतरचा गिअरबॉक्स आधीच्या गाडीत सहजासहजी बसत नाही.

याशिवाय ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाचा एक जोड भाग बराच काळ जादा पैसे देऊन घेता येत असे. तो गिअरबॉक्सच्या मागे बसतो. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी त्यातील दातेरी चाके एका मधल्या चाकाभोवती फिरतात. बटण दाबले की विजेच्या सोलेनॉइडने तेलाचा दाब मोकळा होतो, शंकूचा क्लच सरकतो आणि इंजिन तेवढ्याच वेगासाठी कमी फेरे घेऊ लागते. चालकाला क्लच दाबावा लागत नाही.

आधी रोगाचे निदान

गिअरबॉक्स बदलण्याचा विचार बहुधा आवाज येऊ लागला किंवा गिअर घसरू लागला म्हणजे सुरू होतो. पण प्रत्येक आवाज गिअरबॉक्स टाकून द्या असे सांगत नाही. न्यूट्रलमध्ये पाय क्लचवर नसताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर आतील बेअरिंगांचा संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे. ओव्हरड्राइव्ह लागत नसेल, तर पुष्कळदा दोष वायरीत, बटणात, सोलेनॉइडमध्ये किंवा कमी झालेल्या तेलात असतो. या गाडीत गिअरबॉक्स काढण्यासाठी सहसा इंजिनासकट सारे बाहेर घ्यावे लागते. म्हणून निदान चुकले, तर मजुरी दोनदा भरावी लागते.

पाचवा गिअर खरोखर काय देतो?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जुना गिअरबॉक्स काढून त्याजागी फोर्डचा ‘टाइप ९’ किंवा जपानी माझदा एम.एक्स.-५ चा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवणारे अनेक जण आहेत. चारापेक्षा पाच बरे, असे आपल्याला सहज वाटते. परंतु नुसती गिअरची संख्या काहीच सांगत नाही. गिअरचे गुणोत्तर आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर यांचा गुणाकार पाहिला पाहिजे.

एम.जी.बी.च्या मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.९ आहे. चौथ्या गिअरमध्ये, म्हणजे गुणोत्तर एक असताना, इंजिनाच्या दर १००० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे २८.८ किलोमीटर असतो. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,४७० फेरे घेते. लांबच्या प्रवासात कान किटतात ते यामुळे. नंतरच्या गाड्यांतील ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर ०.८२ आहे, ते लावले की फेरे सुमारे २,८५० वर येतात. फोर्डच्या पाचव्या गिअरचे गुणोत्तरही जवळपास ०.८२, आणि माझदाच्या पाचव्याचे ०.८१. तेव्हा फेरे येतात सुमारे २,८३० ते २,८५०.

हे गणित मी दोनदा करून पाहिले, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. ज्याच्या गाडीत चालू ओव्हरड्राइव्ह आहे, त्याला एवढा खटाटोप करून हमरस्त्यावर जवळजवळ काहीच नवे मिळत नाही. ज्याच्या गाडीत ओव्हरड्राइव्ह नाही, त्याला मात्र मिनिटाला सहाशेहून अधिक फेऱ्यांची विश्रांती मिळते.

खालच्या गिअरचीही तुलना केली पाहिजे. मूळ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.४४ आणि दुसरा २.१७. पहिल्यात ५,००० फेऱ्यांवर गिअर बदलला, तर दुसऱ्यात इंजिन सुमारे ३,१५० वर येते. फोर्डच्या चार सिलिंडरी गाडीच्या टाइप ९ मध्ये हे आकडे ३.६५ व १.९७ आहेत, तेथे इंजिन २,७०० वर घसरते. चढावर ही दरी जाणवते. माझदाचे ३.१४ व १.८९ जवळ जवळ आहेत, फेरे ३,०१० वर राहतात. पण पहिला गिअर काहीसा ‘उंच’ असल्याने चढावर गाडी हलवताना क्लचवर अधिक ताण येतो. प्रत्येक लाभाची काही किंमत असतेच.

बसवण्यातील अडचणी

मूळ गिअरबॉक्सचे क्लच झाकणारे पुढचे कवच अंगचेच असते. फोर्डच्या गिअरबॉक्सला ते वेगळे बनवून लावावे लागते. क्लच प्लेटचे मधले दाते नव्या शाफ्टला जुळावे लागतात. प्रॉपेलर शाफ्ट नवा लागतो, स्पीडोमीटर पुन्हा जुळवावा लागतो आणि गिअरचा दांडा मूळ भोकातून वर यावा लागतो. तेलही बदलते : मूळ गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच तेल चालते, टाइप ९ ला गिअर ऑइल लागते. या सर्वांचा खर्च न धरता केवळ गिअरबॉक्सची किंमत पाहणे म्हणजे लग्नाचा खर्च म्हणून फक्त मंगळसूत्राची किंमत सांगणे होय.

या ठिकाणी माझ्या मते एक नियम पाळला पाहिजे. बोल्ट काढले की मूळ भाग पुन्हा बसवता येईल, असा बदल करावा. पत्रा कापला की तो निर्णय आपल्यानंतर गाडी सांभाळणाऱ्याच्या वतीनेही आपणच घेतलेला असतो, आणि तो हजर नसल्याने त्याला हरकतही घेता येत नाही.

निष्कर्ष

ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाडीचा मूळ गिअरबॉक्स दुरुस्त करून घ्यावा. ओव्हरड्राइव्ह नसेल आणि त्याच काळातला तसा गिअरबॉक्स चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर तो पहिली पसंती ठरावा. तो मिळत नसेल, आणि गाडी रोज दूरवर न्यायची असेल, तर पाच गिअरचा पर्याय योग्य. मात्र पत्रा न कापता आणि काढलेला गिअरबॉक्स तेल लावून जपून ठेवून. शर्यतीसाठी गाडी हवी असणाऱ्याचे गणित निराळे. त्याला पाचव्या गिअरपेक्षा मधल्या गिअरांतील अंतरे महत्त्वाची.

सारांश, ‘नवे चांगले की जुने’ असा वाद घालण्यापूर्वी ‘आपल्याला नेमके काय कमी पडते’ हे कागदावर मांडावे. तो कागद भरल्यावर पुष्कळदा असे दिसते, की जे आपण विकत घ्यायला निघालो होतो, ते बटण गाडीत आधीपासूनच आहे. फक्त त्याची एक वायर तुटलेली आहे.