यंत्रावरील गोधडीकाम : नवशिक्यांसाठी पहिले धडे

जुनी लुगडी, धोतरे व पातळे एकावर एक अंथरून त्यांना हाताने धावदोरा घालायचा आणि त्यातून गोधडी अथवा वाकळ सिद्ध करायची, ही कला महाराष्ट्रातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. हाताने शिवलेल्या गोधडीची सर यंत्राला येणे कठीण. परंतु एका मोठ्या गोधडीस कित्येक आठवडे लागत असल्याने त्या श्रमांचा योग्य मोबदला मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे अनेक महिला बचत गट आता शिलाई यंत्रावर गोधडी शिवण्याकडे वळले आहेत. हे काम शास्त्रशुद्ध रीतीने कसे शिकावे व शिकवावे, याची माहिती येथे दिली आहे.

चुण्या का पडतात?

यंत्राच्या पट्टीखाली बारीक दाते असतात. सुई कापडाबाहेर येताच ते वर येऊन कापड एका टाक्याएवढे मागे नेतात. एकदोन पदरी कापडास एवढे पुरेसे असते. गोधडीत मात्र वरचा पदर, मधले भरण व खालचे अस्तर असे अनेक थर असतात. दाते फक्त अस्तराला ढकलतात आणि वरचा पदर दाबपायाखाली अडून मागे राहतो. प्रत्येक टाक्यातील हा फरक केसाएवढा असला, तरी हातभर शिवणीत तो साचत जातो. शेवटी वरचे कापड फुगते, चुण्या पडतात व गोधडी तिरकी होते.

‘वॉकिंग फूट’ म्हणजेच चालता पाय हा या दोषावरील उपाय होय. नेहमीचा दाबपाय काढून त्या जागी तो बसवतात. त्याला स्वतःचे दाते असून त्याचा एक दुबेळका दांडा सुई आवळण्याच्या स्क्रूवर टेकतो. सुई वर येताना हे वरचे दाते कापडावर टेकतात व खालच्या दात्यांबरोबर मागे सरकतात. सुई खाली जाताना ते उचलले जाऊन पूर्वस्थानी येतात. अशा रीतीने वरचा व खालचा पदर बरोबरीने पुढे जातो. हा पाय प्रत्येक यंत्राला बसतोच असे नाही. पाय जोडण्याच्या दांड्याची उंची आणि सुईच्या स्क्रूची बाजू जुळावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी तो आपल्याच यंत्रावर बसवून पाहावा.

पूर्वतयारी

कापड प्रथम धुऊन, वाळवून इस्त्री करावे. नव्या कापडाचे आकसणे व रंग जाणे धुण्यातच कळते. पहिला नमुना १८ इंच लांब व तेवढाच रुंद असावा. अस्तर चहूबाजूंनी दोन इंच जास्त ठेवून सपाट जागेवर ताठ अंथरावे. त्यावर भरण व वरचा पदर मध्यापासून कडेकडे हाताने सारखा करत पसरावा. नंतर सर्व थरांतून चार-चार बोटांच्या अंतराने कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. थर आधीच सैल असतील, तर चालता पायही त्यांना सावरू शकत नाही. सुई १४ किंवा १६ नंबरची व नवी असावी. टाका थोडा लांब, म्हणजे इंचास ८ ते १० पडतील असा ठेवावा.

प्रत्यक्ष शिवण

आरंभी बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा, म्हणजे खाली दोऱ्याचे जाळे होत नाही. पहिली टीप मध्यावर मारावी. त्यानंतर मध्यापासून एका कडेकडे आणि मग दुसऱ्या कडेकडे समांतर टिपा माराव्यात. सर्व टिपा एकाच टोकाकडून सुरू कराव्यात. उलटसुलट दिशेने मारल्यास कापड पिळवटते. यंत्र सावकाश चालवावे. हातांनी कापडाला फक्त दिशा द्यावी; ओढू अथवा ढकलू नये. गोधडीचा भार मेजावर असावा, कारण ती खाली लोंबकळत राहिल्यास टाके लहानमोठे पडतात. कोपऱ्यावर सुई कापडात ठेवून पाय उचलावा व कापड वळवावे. उलटी टीप मारू नये. टोकाचे दोरे मागे ओढून गाठ द्यावी.

प्रत्येक टीप संपल्यावर मागची बाजू पाहण्याची सवय लावावी. तेथे चुणी दिसल्यास लगेच उसवावे. टाके सुटू लागल्यास प्रथम सुई बदलावी. सरळ रेषा, चौकटी व मोठी वळणे या पायाने उत्तम साधतात. फुले-वेलींची बारीक नक्षी त्याने होत नाही. तिचे तंत्र वेगळे असून ते पुढच्या टप्प्यावर शिकावे.

प्रशिक्षणाविषयी

दिवंगत आईची किंवा आजीची लुगडी आठवण म्हणून जपण्यासाठी अनेकजण त्यांची गोधडी करून घेतात. अशा कामात कापड वाया गेले, तर ते पैशाने भरून देता येत नाही. यासाठी नवशिक्या शिवणकर्तीने आधी दोन-तीन नमुने, मग ३६ इंची बाळाची गोधडी आणि त्यानंतरच गिऱ्हाइकाचे काम, हा क्रम कटाक्षाने पाळावा. प्रशिक्षण वर्गाच्या अभ्यासक्रमातही नमुन्यांसाठी कापड व वेळ यांची तरतूद असावी.

सन २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश करण्यात आला असून, प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद ठेवण्यात आली. अशा योजनांची माहिती ग्रामसभेत देणे, शाळेची एखादी मोकळी खोली व लांबरुंद मेज वर्गासाठी उपलब्ध करून देणे आणि सारख्या बनावटीची यंत्रे असलेल्या गटासाठी एखादा चालता पाय सामाईक ठेवणे, एवढे पंचायत सदस्य व शिक्षक सहज करू शकतील. गोधडीचे मूळ कसब गावातील स्त्रियांच्या हाती आहेच. त्याला यंत्राच्या अचूक ज्ञानाची जोड मिळाली, तर त्यांच्या श्रमांना रास्त मोल मिळण्याचा मार्ग सुकर होईल.