आधी दगड, मग हात

आजचा शास्त्रपाठ : निर्गम 17:8-13



आजचा भाग आपल्याला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. रफीदीम येथे अमालेकी इस्राएलावर चालून येतात. यहोशवा निवडक माणसे घेऊन लढायला जातो. मोशे हातात देवाची काठी घेऊन अहरोन आणि हूर यांच्यासह टेकडीवर चढतो. मोशेचा हात वर असला की इस्राएलाची सरशी होते, खाली आला की अमालेकाची. पुढे मोशेचे हात जड होतात.

या भागावर मी दोनदा संदेश दिला आहे. दोन्ही वेळा ‘प्रार्थनेत टिकून राहा’ एवढेच सांगितले. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली होती. अहरोन आणि हूर यांनी मोशेचे हात धरण्याआधी एक दगड आणला आणि त्याला त्यावर बसवले. ही गोष्ट मला माझ्या पत्नीच्या आजारपणाने दाखवली.

सहा वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले. तेव्हा ती 41 वर्षांची होती. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही. गार पाण्यात कपडे धुतल्यामुळे होत असेल असे म्हणून आम्ही बाम चोळत दिवस काढले. शेवटी रक्ततपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितले, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो. उतारवयात गुडघे झिजून होणारा संधिवात वेगळा. यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच चुकून सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. तरुणपणीही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

मी तिच्यासाठी प्रार्थना करू लागलो. रोज पहाटे साडेपाचला बाहेरच्या खोलीत बसून, तिचे नाव घेऊन, कधी कधी अश्रू ढाळून. आणि त्याच वेळी ती आत ओट्यापाशी उभी राहून माझा चहा करत असे.

एके दिवशी प्रार्थना चालू असतानाच आत पातेले पडले. सांडशी दाबण्याइतकी ताकद बोटांत नव्हती. देवाची कृपा, तिला भाजले नाही. मी उठून आत गेलो आणि काय म्हणालो? “जरा नीट धरायचंस ना!” ती काही बोलली नाही. फडक्याने ओटा पुसत राहिली. तेही फडके तिला पिळता येत नव्हते. रात्री हळूच म्हणाली, “अहो, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता ते मला ऐकू येतं. पण सकाळी ही बोटं माझी नसतात हो.”

त्याच आठवड्यात वाचनात निर्गमाचा हा अध्याय आला. त्यातून मी तीन गोष्टी शिकलो.

पहिली गोष्ट : आधी दगड. मोशेला कुणी ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असे म्हटले नाही. हात का जड झाले, काय पाप केलेस, असेही विचारले नाही. तो थकला हे पाहिले आणि बसायला काहीतरी आणून दिले. आमच्या घरी दगड म्हणजे सकाळचा चहा मी करणे. कुकरचे झाकण आणि बरण्यांची झाकणे मी उघडणे. ओट्यापाशी उंच स्टूल, न्हाणीघरात खुर्ची, उलथन्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळणे, उठल्यावर हात शेकायला कोमट पाणी. कणीक मळण्यासारखी कामे सकाळी न करता सांधे मोकळे झाल्यावर. यातले काहीच मोठे नाही. पण हे करू लागल्यापासून माझ्या प्रार्थनेची मला लाज वाटत नाही.

दुसरी गोष्ट : एक या बाजूला, एक त्या बाजूला. फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे 80 वर्षांचा होता आणि अहरोन 83 (निर्गम 7:7). म्हणजे हात धरणारा हा धरून घेणाऱ्यापेक्षा मोठा, स्वतःच म्हातारा! एकट्या अहरोनाला ते झेपले नसते. घरात आजारी माणसाचे करणारा माणूसही थकतो, चिडतो. माझ्या तोंडून ते कठोर शब्द आले त्यात थकवाही होता, मात्र त्याने चूक बरोबर ठरत नाही. आता मंगळवारी मंडळीतल्या एक ताई येतात, दोघी मिळून आठवड्याची भाजी निवडतात. मदत मागायला आम्हाला दोन वर्षे लागली. तुम्ही तेवढी लावू नका.

तिसरी गोष्ट : सूर्य मावळेपर्यंत. हा आजार एका दिवसाचा नाही, आणि रोज सारखाही नसतो. काल लग्नात हसत-बोलत होती आणि आज उठवत नाही, म्हणजे सोंग आहे असे समजू नका. औषधांतही टिकून राहावे लागते. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी या आजारात बऱ्याच जणांना देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून तो वार आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो आणि सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवत नाही. बरे वाटले म्हणून मनानेच गोळ्या बंद करत नाही. ‘विश्वास असेल तर औषध सोडा’ असे आम्हालाही एका भावाने प्रेमाने सांगितले. पण पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्यच होता ना (कलस्सै 4:14)?

आणि एक पाहा. त्या दिवशी देवाने मोशेचे हात हलके केले नाहीत. तो करू शकला असता. त्याने एक दगड दिला आणि दोन माणसे दिली. माझ्या पत्नीची बोटे अजून पूर्ण बरी नाहीत. आम्ही बरे होण्यासाठी मागतोच आहोत. पण उत्तर आलेच नाही असे मी आता म्हणत नाही.

मधे तिने प्रभुभोजनाला पुढे जाणे बंद केले होते. गुडघे टेकले की उठता येत नसे, आणि सगळ्यांसमोर कुणीतरी हाताला धरून उठवावे, हे तिला नको होते. ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. पाळकसाहेबांच्या ते लक्षात आले. पुढच्या वेळी वेदीच्या कठड्यापाशी दोन खुर्च्या होत्या. कुणी काही बोलले नाही. ती पुढे गेली, बसली आणि भाकर घेतली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी येऊन बसल्या, ज्या कित्येक महिने पुढे आल्या नव्हत्या. आता तिथे चार खुर्च्या असतात.

तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत कुणाचे हात जड झाले आहेत? आज त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि प्रार्थना करून उठताना विचारा, “दगड कुठे ठेवू?”

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्यांचे सांधे दुखतात त्यांना आज विसावा दे. त्यांचे दुखणे दिसत नाही म्हणून आम्ही ते खोटे मानले, त्याची क्षमा कर. जे त्यांची सेवा करतात त्यांनाही बसायला जागा दे. आमच्या प्रार्थनांना हात-पाय दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.