ओझोनचा थर आणि राष्ट्रांचे सहकार्य

सूर्यप्रकाशावाचून पीक येत नाही. परंतु त्याच प्रकाशातील अतिनील किरण अधिक प्रमाणात भूमीवर पोहोचल्यास अनेक पिकांची वाढ खुंटते; तसेच माणसांना मोतीबिंदू व त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. यांपैकी बहुतांश घातक किरण भूमीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरील ओझोन वायूचा थर अडवून धरतो.

थराची हानी कशी झाली?

शीतपेट्या, वातानुकूलन यंत्रे व फवाऱ्याचे डबे यांत क्लोरोफ्ल्युरोकार्बन हे वायू वापरले जात. ते पेट घेत नसल्याने निर्धोक मानले गेले. तथापि ते न विरता उंच वातावरणात पोहोचतात व तेथे त्यांतील क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो. मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा इशारा दिला. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन फार घटल्याचे मोजमापांनिशी दाखविले.

राष्ट्रांनी काय केले?

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे करार होऊन असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मुदती ठरल्या. विकसनशील देशांना अधिक अवधी मिळाला, आणि १९९० मध्ये त्यांच्या साहाय्यार्थ निधी उभारण्याचे ठरले. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी त्यास मान्यता दिली. नियंत्रणाखालील पदार्थांपैकी सुमारे ९९ टक्के आता वापरातून गेले आहेत.

शेतीशी संबंध

जमिनीतील सूत्रकृमी, बुरशी व तणांचे बी मारण्यासाठी, तसेच साठवणीच्या धान्यास धुरी देण्यासाठी वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड हाही ओझोनचा नाश करतो. १९९२ मध्ये त्यास करारात घेण्यात आले. त्याचा वापर थांबविण्यासाठी विकसित देशांना २००५ व विकसनशील देशांना २०१५ ही मुदत होती. आयात-निर्यातीच्या मालातील कीडनियंत्रणासाठी मात्र सवलत आहे.

रोपवाटिकेसाठी यास सोपा पर्याय आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाफे भुसभुशीत करून पाणी द्यावे. त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडा मातीने दाबाव्यात व चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. उन्हाच्या उष्णतेने बरीच बुरशी, सूत्रकृमी व तणांचे बी नष्ट होते. ग्रामसेवकांनी याचे प्रात्यक्षिक गावात अवश्य करून दाखवावे. तसेच शीतपेटी दुरुस्त करताना वायू हवेत सोडू नये, हेही समजावून द्यावे.

बोध

२०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार सध्याचे निर्बंध पाळले गेल्यास बहुतेक जगावरील थर २०४० च्या सुमारास, तर अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीस येईल. वरच्या शेतातील बांध फुटला तर खालच्या शेताचीही माती वाहून जाते. म्हणून बांधबंदिस्ती साऱ्यांनी मिळूनच करावी लागते. आकाशातील या थराचेही तसेच आहे.