दोन भोकांचे सोलिडस

बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटांची सोलिडस ही सोन्याची नाणी जमवायची आणि राहायचं हैदराबादेत, हे कसं जमतं असं लोक विचारतात. माझ्या मते या नाण्यांसाठी दख्खनसारखी जागा नाही, कारण ती इथल्या जमिनीत सापडतात. ती जमवताना शिकलेलं थोडं सांगतो.

१. खरेदी नंतर. आधी पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात नाण्यांपुढे उभे राहा. आंध्रात सापडलेल्या रोमन नाण्यांवर परमेश्वरीलाल गुप्तांचं पुस्तक १९६५ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने इथेच काढलं. पुढे नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था उभी करणारे ते हेच. पुस्तक मिळेल तिथून मिळवा.

२. वजन बघा. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ठरवलं, एका रोमन पौंड सोन्यात ७२ सोलिडस. म्हणजे एक नाणं सुमारे साडेचार ग्रॅम. हा हिशोब अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ टिकला. मग भिंग लावा. ठोकलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा उठून दिसतात, ओतीव नाण्यावर त्या बोथट असतात आणि बारीक खड्डे दिसतात.

३. भोक पडलेलं नाणं नाकारू नका. हे मी सर्वांत जोर देऊन सांगेन. युरोपातल्या लिलावात भोकाने किंमत कोसळते. पण दक्षिण भारतात सापडलेल्या कितीतरी सोलिडसवर सम्राटाच्या डोक्याच्या वर, शेजारी शेजारी दोन भोकं असतात. एकच भोक असतं तर नाणं दोऱ्यावर गिरकी घेतं. दोन असली की सम्राट सरळ, समोर तोंड करून राहतो. म्हणजे ज्याने भोकं पाडली त्याने चेहरा नीट पाहिला होता. थिओडोसिअस, अनास्तासिअस, जस्टिन या सम्राटांचे चेहरे असे कुणाच्या तरी गळ्यात होते. आपल्याकडे पुढे व्हेनिसच्या डुकाट नाण्यांची पुतळीमाळ झाली, तीच ही हौस, हजार वर्षं आधीची. भोकाची आतली कड बघा. दोऱ्याने घासून ती गुळगुळीत झालेली असते आणि झीज वरच्या अंगाला जास्त असते. कड धारदार असेल तर भोक अलीकडचं.

४. अक्षरं बिघडलेलं नाणं लगेच खोटं ठरवू नका. मागच्या बाजूला विजयदेवतेच्या पायाशी ‘CONOB’ (कोनोब) ही पाच लॅटिन अक्षरं असतात, कॉन्स्टंटिनोपलच्या शुद्ध सोन्याची खूण. भारतात त्याच काळात केलेल्या नकलांमध्ये त्यांच्या नुसत्या रेघा होतात. लॅटिन न येणाऱ्या कारागिराने हे हौसेने केलं, आणि ते सोन्यातच केलं. मला ही नाणी अस्सल सोलिडसइतकीच मोलाची वाटतात.

५. कागद मागा. हैदराबादच्या जुमेरात बाजारात निजामाचा हाली सिक्का शोधा, रोमन सोनं नको. जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवायचा, हा १८७८ चा कायदा आहे. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. शेतातून निघालेलं नाणं कुणी गुपचूप दाखवलं तर घेऊ नका. ते कोणत्या मडक्यात, कोणत्या नाण्यांबरोबर होतं ही माहिती त्या व्यवहारातच मरते, आणि उरलेली नाणी बहुतेक सराफाच्या मुशीत जातात.

६. प्रत्येक नाण्याचं कार्ड करा: सम्राट, वजन, व्यास, भोकं कुठे, कुणाकडून घेतलं. सापडल्याचं गाव कळलं तर ते सगळ्यात वर लिहा, सम्राटाच्याही आधी.