बोट घसरलं नव्हतं

माझं बोट घसरलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. औषधांच्या ठोक दुकानात बिलिंग आणि स्टॉक सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले. पण इंदूरहून येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या साहेबांनी सगळ्यांसमोर शेठना सांगितलं, "आंटीजी की उंगली फिसल जाती है," आणि शेठ हसले. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले. शिवाय आमच्यासारखी जुनी सिस्टीम सांभाळत बसलेली दुकानं माळव्यात काय नि महाराष्ट्रात काय, अजून आहेत. त्यांना उपयोग होईल.

आमचा प्रोग्रॅम एससीओ युनिक्सच्या जमान्यातला. काळी स्क्रीन, माऊसचं काम नाही, सगळा कारभार कळांवर. एफ ५ ला पार्टी, एफ ९ ला बॅच, एफ १० ला सेव्ह. हात बसला की नव्या रंगीत प्रोग्रॅमपेक्षा दुप्पट वेगाने काम होतं, हे मी कुणाहीसमोर करून दाखवीन. दुकानातल्या पीसीवर आमचा प्रोग्रॅम पुटी नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून उघडतो आणि काही कुरकुर नसते.

दुकान उज्जैनच्या गोपाळ मंदिराच्या बाजूला, म्हणजे महाकालाच्या सवारीच्या वाटेवर. श्रावणातल्या सोमवारी सवारी चारला निघते, पण रस्ते त्याच्या कितीतरी आधी अडवतात, आणि २०२२ मध्ये 'महाकाल लोक' हा मंदिराचा परिसर झाल्यापासून तर गर्दीला धरबंधच राहिलेला नाही. शेठनी ठरवलं, सोमवारी ताईंनी नानाखेड्याला घरीच बसून आवक चढवावी. चांगली गोष्ट होती. साहेब आले, माझ्या लॅपटॉपवर पुटी टाकलं, आयपी नंबर भरला, लॉगिन दाखवलं, पोहे खाल्ले आणि गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी बॅकस्पेस दाबली की प्रोग्रॅममधून थेट बाहेर फेकली जायला लागले. एससीओत १२७ नंबरचं अक्षर म्हणजे चालू काम तोडण्याची खूण, आणि पुटीची बॅकस्पेस मुळात नेमकं तेच पाठवते. हे मला नंतर कळलं. साहेबांना ते माहीत होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन बॅकस्पेस कंट्रोल-एचवर नेली. हे लक्षात ठेवा. म्हणजे पुटीतलं 'कीबोर्ड' नावाचं पान त्यांनी उघडलं होतं. त्याच पानावर खाली, होम-एंडच्या पर्यायाखाली, फंक्शन कळांचा पर्याय आहे. तो त्यांनी पाहिला नाही. खिडक्यांच्या चौकटींच्या रेघांच्या जागी भलतीच अक्षरं दिसत होती, तेही मी दाखवलं. "वो सिर्फ़ दिखने का है, काम पे असर नहीं."

मग एफ १०. दाबलं की स्क्रीन हलायची, सेव्ह काही व्हायचं नाही, आणि लॅपटॉप दोनदा टुंग करायचा. फोन केला. उत्तर आलं, एफ १० दाबून वर एंटर मारा, होऊन जाईल. झालंही. व्हाउचर सेव्ह, स्क्रीन कोरी, पुढचं चलान. आणि त्या टुंग-टुंगचं काय? तेही त्यांनी फोनवरूनच बंद करायला लावलं. बेलच्या पानावर जाऊन 'काहीही आवाज नको' निवडायचं. तो आवाज म्हणजे प्रोग्रॅम सांगत होता, हे अक्षर मला चालत नाही. त्याचं तोंडच बंद केलं.

महिनाअखेरच्या मेळात गोदामात माल कमी आणि कागदावर जास्त. सलाईनच्या १० बाटल्या आलेल्या, कागदावर २१. एका मलमाच्या ६ नळ्या, कागदावर २१. मग काय, आधी संशय गोदामातल्या पोरावर. संध्याकाळी घरी जाताना त्याची पिशवी दारात उघडून बघायला लागले. पोरगा माझ्याकडे बघायचा, मी काय बोलणार? आणि इंदूरहून साहेब आले तेव्हा त्यांनी यादी बघून निदान केलं की चुकीच्या नोंदी सगळ्या सोमवारच्या आहेत. एवढं त्यांचं बरोबर होतं. पण पुढे म्हणाले, सोमवारचं व्रत असेल, उपाशीपोटी चक्कर येते, वयही आहे. आमच्या घरी पंचांग महाराष्ट्राचं. इकडचा श्रावण पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आमचा पंधरवड्याने उशिरा. त्यातल्या निम्म्या सोमवारी माझा उपास सुरूसुद्धा झाला नव्हता! मी हे सांगितलं, तर तेही हसण्यावारी नेलं.

त्या रात्री मी यादी घेऊन बसले. बस स्टँडकडून "इंदौर, इंदौर" ओरडणं चालूच होतं. लाल पेन्सिलीने चुकीच्या नोंदी खुणावत गेले तर दिसलं, की चूक प्रत्येक वेळी चलानाच्या शेवटच्या ओळीत आहे. आणि आकडे? बहुतेक ठिकाणी २१. काही ठिकाणी २०. कुठे १५. बोट घसरणाऱ्या बाईचं बोट इतकं शिस्तीत घसरतं का? घसरलं तर १० चं १०० होईल, ६ चं ९ होईल. २१ कशाला होईल?

लॅपटॉप उघडला, एक खोटं चलान सुरू केलं, संख्येत ५ टाकले आणि शेऱ्याच्या ओळीवर येऊन एफ १० दाबलं. पूर्वी स्क्रीन हलली की मी सांगितल्याप्रमाणे एंटर मारायची. या वेळी हात आवरला आणि बारीक नजरेने पाहिलं. कर्सर शेवटच्या ओळीच्या संख्येवर उडी मारून गेला होता आणि तिथे ५ च्या जागी २१ बसले होते. एफ ९ दाबून पाहिलं, २०. एफ ८ ला १९, एफ ७ ला १८, एफ ६ ला १७. मग एफ ५, आणि तिथे १५. १६ गायबच. मला वाटलं दाबताना चुकलं, पुन्हा दाबलं, पुन्हा १५. वरच्या बाजूला एफ ११ ला २३, म्हणजे २२ ही नाही. यादी परत पाहिली. तिच्यातही कुठे १६ नव्हते, २२ नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि खरं सांगते, आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

पुण्याच्या भाच्याने फोनवर उलगडून सांगितलं ते असं. एफ १० दाबल्यावर यंत्राकडे 'एफ १०' असं काही जात नाही, अक्षरांची एक माळ जाते. पुटी मुळात डेक कंपनीच्या टर्मिनलांची माळ पाठवतं: एस्केप, चौकटी कंस, २१ आणि शेवटी एक नागमोडी रेघ. एससीओचा प्रोग्रॅम मात्र वाट पाहतो एस्केप, चौकटी कंस आणि इंग्रजी व्ही अशा माळेची. ती आली नाही, की तो पहिल्या एस्केपला 'मागे जा' समजतो, संख्येच्या चौकटीत पोचतो, कंस नाकारून टुंग करतो, २ आणि १ हे आकडे असल्यामुळे मुकाट घेतो, शेवटची रेघ नाकारून पुन्हा टुंग करतो. वर मी एंटर मारलेलं. १६ आणि २२ न दिसण्याचं कारणही डेकमध्येच आहे. १९८३ मध्ये आलेल्या व्हीटी २२० टर्मिनलच्या कीबोर्डवर वरच्या कळा गटागटाने, मध्ये फट सोडून बसवलेल्या होत्या आणि नंबरांतही तिथे फट आहे. ती फट आज उज्जैनच्या सलाईनच्या बाटल्यांत निघाली.

मला राग याचा येतो, की ही गोष्ट इथल्या कुणालाही समजण्यासारखी आहे. सीपीसीटी या कॉम्प्युटर-टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. इंग्रजी के ची कळ इनस्क्रिप्ट मांडणीत क देते आणि रेमिंग्टनमध्ये काना. कळ तीच, अक्षर वेगळं. त्यात बोटाचा काय दोष? इंदूरच्या साहेबांना मात्र हे सुचलं नाही. वयाचं सुचलं.

मी दुकानात सगळं करून दाखवलं. शेठ गप्प झाले, ही माझी कमाई. साहेबांनी "हां, सेटिंग का इश्यू है, हो जाता है" म्हणून घरी येऊन दोन मिनिटांत फंक्शन कळा 'एससीओ'वर टाकल्या. पुढच्या सोमवारी लॅपटॉप उघडला तर एफ १० दाबल्यावर परत २१! त्यांनी बदल चालू खिडकीत केला होता, सेशन सेव्ह केलंच नव्हतं. खिडकी बंद, बदल नाहीसा. तेव्हापासून हे काम मी कुणावर सोडत नाही.

तुमच्याकडे असं काही असेल तर जिथे नीट चालतंय त्या पीसीपासून सुरुवात करा. तिथल्या पुटीचं कीबोर्डचं पान, 'कनेक्शन'खालच्या 'डेटा' पानावरचं टर्मिनलचं नाव आणि 'ट्रान्सलेशन'चं पान, या तिन्हींचे मोबाइलवर फोटो काढा. नव्या जागी तसंच्या तसं भरा. आमच्याकडे ट्रान्सलेशनमध्ये सीपी ४३७ लागत होतं, ते केल्याबरोबर चौकटींच्या रेघाही सरळ झाल्या. 'सिर्फ़ दिखने का है' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रेघा चुकीच्या दिसतात म्हणजे सेटिंग जुळलेलं नाही, कळाही चुकत असू शकतात.

बदल करायची रीत अशी: पुटी उघडा, सेशनच्या नावावर टिचकी मारून 'लोड' करा, बदल करा, परत पहिल्या पानावर येऊन 'सेव्ह' करा, मगच 'ओपन'. हा क्रम मोडला की साहेबांचं झालं तेच होणार. आणि सेव्ह केलेलं विंडोजच्या रजिस्ट्रीत, त्या एका वापरकर्त्याच्या नावाखाली बसतं. मुलाने त्याच लॅपटॉपवर आपलं वेगळं खातं काढलं तर तिथे पुटी उघडेल, सेटिंग नसेल. फॉरमॅट केलं तर सगळं गेलं. रजिस्ट्रीतून सायमन टॅथम या नावाची शाखा बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवा. हे नाव पुटी लिहिणाऱ्या माणसाचं आहे, हा प्रोग्रॅम तो फुकट देतो. त्याचा काही दोष नाही.

कळ काय पाठवते हे बघायचं असेल तर युनिक्सच्या साध्या ओळीवर, जिथे बॅश असेल तिथे, कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबा. माळ समोर उमटते. प्रोग्रॅमच्या आत प्रयोग करायचे असतील तर खोट्या चलानावर करा आणि ते रद्द करा. लॅपटॉपवर आधी एफएन कळीचं बघा, नाही तर एफ १० म्हणून आवाज कमी-जास्त करत बसाल. कंट्रोल-एसने सेव्ह करायची सवय असलेली नवी मुलं स्क्रीन गोठवून ठेवतात आणि घाबरून मशीन बंद करतात. कंट्रोल-क्यू दाबा, सुटते.

साहेबांनी आणखी एक युक्ती सुचवली होती, की कळा बदलणारा वेगळा प्रोग्रॅम टाकू. मी नको म्हटलं. तो फक्त पुटीपुरता नीट बांधला नाही तर टॅलीतही हात घालतो, आणि टॅलीत एफ ८ विक्रीला, एफ ९ खरेदीला. एक घोळ निस्तरला तो पुरे. बाकी बॅकअप घ्या, फोनवर मिळालेला सल्ला वहीत तारखेसकट लिहा, हे तर सगळेच सांगतात. पण तारखेसकट लिहा खरंच. "एफ १० वर एंटर मारा" हे मी कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवलेलं होतं, ते पान दाखवलं म्हणून शेठनी ऐकून घेतलं. आणि बेल बंद करू नका.

गोदामातल्या पोराची पिशवी बघणं थांबलं. त्याला कुणी सॉरी म्हटलं नाही. साहेबांचं बिल मात्र वेळेवर आलं. कामाच्या रकान्यात लिहिलं आहे 'ऑपरेटर ट्रेनिंग'. बिलं चढवायचं काम माझ्याकडेच आहे. वर्णन बदलून आणा, मग चढवते, असा निरोप मी इंदूरला पाठवला आहे, आणि तोवर ते माझ्या खणात आहे.