जमिनीखालच्या वाहिनीचा हिशेब

घराचे छप्पर गळू लागले म्हणजे त्याची वार्ता पहिल्याच पावसात साऱ्या कुटुंबाला लागते आणि भिंतीला तडा गेला तर तो येणाऱ्याजाणाऱ्याच्याही दृष्टीस पडतो. परंतु संडास-न्हाणीचे मैलापाणी अंगणाखालून रस्त्यातील सार्वजनिक गटारापर्यंत पोहोचविणारी जी वाहिनी, ती मोडकळीस आली तरी वर्षानुवर्षे निमूटपणे आपले काम करीत राहते, आणि तिचा कारभार जेव्हा सर्वस्वी थांबतो तेव्हा गृहस्थाजवळ दरांची चौकशी करण्याइतका अवकाशही उरलेला नसतो आणि चार मक्तेदारांकडून अंदाजपत्रके मागविण्याइतके स्वास्थ्यही नसते. पुण्यातील आमच्या घराची अशी वाहिनी गेल्या हिवाळ्यात मला समूळ बदलावी लागली. ज्या कामाचा अंदाज प्रथम तोंडी 60 हजार रुपये सांगण्यात आला होता, त्याला अखेर 1 लाख 92 हजार रुपये लागले. हे अंतर कोणाच्या लबाडीने पडलेले नव्हते. पहिल्या आकड्यात केवळ नळ, खोदाई आणि मजुरी धरलेली होती, आणि या कामात खरा पैसा जातो तो या तीन बाबींच्या बाहेर, ही गोष्ट आधीच सांगण्याची त्या धंद्यात रीत नाही. ती येथे सांगावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

1961 च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठापासून दूर ज्या सहकारी वसाहती वाढीस लागल्या, त्यांपैकी एकीत आमचे घर आहे. त्या काळच्या प्रघाताप्रमाणे येथे मिठाची झिलई दिलेले भाजक्या मातीचे नळ घातलेले होते. गवंडी त्यांना आजही ‘स्टोनवेअर’ म्हणूनच ओळखतात. हे नळ स्वभावतः अत्यंत टिकाऊ असतात आणि मैलापाण्याने ते झिजत नाहीत. परंतु एकेका नळाची लांबी साधारण दोन फूटच असल्यामुळे आमच्या 95 फुटांच्या वाहिनीत जवळजवळ 47 सांधे होते, आणि प्रत्येक सांधा तागाची दोरी ठोकून वर सिमेंट भरून केलेला होता. जमीन थोडी खचली की नळ शाबूत राहतो आणि सांधा उकलतो, उकललेल्या सांध्यातून ओल झिरपते, आणि त्या ओलीच्या शोधात झाडांची मुळे आत शिरून जाळे विणतात. आमच्याकडे कुंपणालगतच्या उंबराने हे काम चोख बजावले होते.

वाहिनी तुंबली म्हणजे ती बदलावीच लागते असे मात्र नाही, आणि खर्चाचा विचार करणाऱ्याने येथे घाई करू नये. प्रथम जेटिंगच्या यंत्राने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने, ती मोकळी करून घ्यावी आणि मग लवचीक तारेला बांधलेला कॅमेरा आत सोडून तिचे अंतरंग डोळ्यांनी पाहावे. या तपासणीला मला चारपाच हजार रुपये पडले. तिचा निष्कर्ष आमच्या बाबतीत प्रतिकूल आला, कारण मुळे ठिकठिकाणी होती आणि फाटकाजवळ नळ बसून त्यात पाणी साचत होते. परंतु आमच्याच गल्लीतील एका गृहस्थांचा दोष दहा फुटांपुरता मर्यादित निघाला आणि तेवढाच तुकडा बदलून त्यांचे काम भागले. जो मक्तेदार कॅमेऱ्याशिवायच ‘सगळी लाईन काढावी लागेल’ असे सांगतो, त्याच्याशी व्यवहार पुढे नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब. सहा इंची पीव्हीसी नळ आणि त्याचे जोड मिळून करासह 24 हजार रुपये झाले, म्हणजे एकूण खर्चाचा अवघा आठवा हिस्सा. आणि तरीही काटकसर करू पाहणारे लोक नेमकी याच बाबीत ती करतात. भिंतीवरून उतरणारे जे करड्या रंगाचे नळ दुकानात सहज मिळतात ते आय.एस. 13592 या प्रमाणाचे असतात. जमिनीखाली पुरण्यासाठी आय.एस. 15328 हे निराळे प्रमाण आहे, आणि वरच्या मातीचा व वाहनांचा भार सोसण्याची शक्ती त्यात पाहिलेली असते. दोन्हींच्या किमतीतील फरक संपूर्ण कामाच्या मानाने नगण्य आहे. नळावर छापलेला क्रमांक मालकाने स्वतः वाचून मगच माल उतरवून घ्यावा.

खोदाई, तळाशी रेतीची बिछावणी, नळ टाकणे आणि वर माती भरून धुमसणे यांस 32 हजार लागले. ही रक्कम लांबीपेक्षा खोलीवर अधिक अवलंबून असते. सहा इंची वाहिनीला साठास एक हा ढाळ रूढ आहे, म्हणजे दहा फुटांना दोन इंच. त्या हिशेबाने 95 फुटांत वाहिनी 19 इंच खाली उतरते, आणि जिथून ती निघते तेथील खोली यात आणखी मिळवावी लागते. खाली मुरूम असला तर बिगारी कुदळीने काम उरकतात, काळा कातळ लागला तर ब्रेकर आणावा लागतो आणि दर एकदम बदलतो. म्हणून कातळाचा दर करारातच वेगळा लिहून घेणे इष्ट. ढाळ कमी पडला तर मैला मागे राहतो हे सर्वांना समजते. परंतु चरास चाल देणारा माणूस डोळ्याच्या अंदाजाने काम करीत असेल तर पाणसळ नळी मागवून प्रत्येक टप्पा मोजून घ्यावा, आणि यात संकोच धरू नये.

सर्वांत मोठी बाब निघाली ती चेंबरांची. जेथे वळण येते, जेथे दुसरी शाखा येऊन मिळते आणि जेथे वाहिनी हद्दीबाहेर पडते, तेथे तपासणीचा चेंबर लागतोच. आमच्याकडे असे पाच झाले आणि विटांचे बांधकाम, आतून गिलावा, तळाची पन्हळ व झाकणे मिळून 42 हजार रुपये गेले. अंगणातील शहाबादी फरशी उखडली ती सर्व पुन्हा बसली नाही, बरीच फुटली. तिच्या दुरुस्तीस 22 हजार आणि राबीट उचलून नेण्यास 9 हजार पडले. तोंडी अंदाजात यांपैकी एकही रक्कम नव्हती.

घरापासून सार्वजनिक वाहिनीला मिळेपर्यंतचा भाग घरमालकाच्या जबाबदारीचा असतो, ही गोष्ट अनेकांना फाटकाबाहेर खोदाईची वेळ आल्यावरच कळते. आमच्या वाहिनीचे शेवटचे 15 फूट रस्त्यात होते. त्यासाठी महापालिकेच्या दप्तरी अर्ज, नकाशा आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क भरावे लागते. ते मीटरमागे आकारले जाते आणि रस्ता कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरते. आमचा रस्ता काँक्रीटचा असल्यामुळे ते 36 हजार झाले आणि तेथील प्रत्यक्ष कामाचे 7 हजार निराळे. पावसाळ्यात रस्ता खोदण्याची परवानगी सहसा मिळत नाही, तेव्हा ज्याला वाहिनीचा संशय आला आहे त्याने वैशाख संपण्याची वाट पाहू नये. मक्तेदाराच्या 1 लाख 12 हजारांच्या देयकावर अठरा टक्के जीएसटीचे 20 हजार चढले, तेही प्रथम कोणी बोलले नव्हते.

एका मक्तेदाराचे अंदाजपत्रक इतरांहून बरेच कमी होते. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, रस्त्यातल्या चेंबरात माणूस उतरवला की जुन्या पाईपाचं तोंड अर्ध्या दिवसात मोकळं होतं. मशीनचा खर्च कशाला करता?” मी त्याला नकार दिला, आणि त्या नकाराचे कारण प्रत्येक घरमालकाने मनाशी पक्के धरावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची घ्राणशक्तीच बधिर होते, त्यामुळे आत गेलेल्या मनुष्यास धोक्याची सूचनाही मिळत नाही, आणि त्याला वाचविण्यास धावून गेलेला दुसराही तेथेच कोसळतो. 2013 च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँक यांची अशी धोकादायक सफाई कोणाकडूनही करवून घेणे निषिद्ध ठरविले असून पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत; सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाखांवर नेली. पण कायदा नसता तरी, आपल्या संडासाच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या लेकराला त्या विवरात पाठवून वाचविलेले दहापंधरा हजार रुपये कोणत्या घरात सुखाने नांदतील? ‘कोणत्याही चेंबरात मनुष्य उतरविला जाणार नाही’ हे वाक्य मी करारनाम्यात घालून घेतले. कमी दराचे अंदाजपत्रक हाती आले की ते कशामुळे कमी आहे, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.

करारनाम्यात ठोक रक्कम न लिहिता नळ, खोदाई, प्रत्येक चेंबर, फरशी, राबीट, रस्ता आणि कर यांचे दर पृथक् लिहून घ्यावेत आणि काम झाल्यावर टेपने मोजून त्याप्रमाणे देयक करावे. इसार पाव हिश्शाहून अधिक देऊ नये. चर बुजविण्यापूर्वी दोन परीक्षा अवश्य घ्याव्यात: वाहिनीच्या एका टोकाशी दिवा आणि दुसऱ्या टोकाशी आरसा धरला असता नळाचे पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे, आणि खालचे तोंड बुचाने बंद करून वरच्या चेंबरातून पाणी भरले असता त्याची पातळी खाली जाता कामा नये. आमच्याकडे दुसऱ्या परीक्षेत एक जोड झिरपताना आढळला आणि चर उघडाच असल्यामुळे तो तासाभरात दुरुस्त झाला. भरलेली माती पहिल्या पावसाळ्यात हमखास बसते व तिच्याबरोबर फरशीही खचते. म्हणून एकूण रकमेचा दहावा हिस्सा दसऱ्यापर्यंत राखून ठेवण्याची अट आम्ही आरंभीच घातली होती, आणि आमच्या मक्तेदाराने ती विनातक्रार मान्य करून भाद्रपदात फाटकाजवळच्या सात फरश्या पुन्हा बसवून दिल्यावरच ती रक्कम उचलली.