कडा नसलेला डोंगर

बिदर-कलबुर्गी भागातल्या मराठी घरांतली पोरं डोंगर चढायला निघाली की त्यांचं तोंड आपोआप पश्चिमेला वळतं. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, कुठूनही निघा. रात्रीची गाडी धरायची, पुणं गाठायचं आणि राजगड, रतनगड, हरिश्चंद्रगड असे एकेक गड पदरात पाडून घ्यायचे. मीही तसाच शिकलो. पण घरापासून दक्षिणेला यादगीर, शहापूर, सुरपूर इथं दुसऱ्याच जातीचे डोंगर उभे आहेत, त्यांच्याकडं आमच्यातल्या फार थोड्यांचं लक्ष गेलं. आता ते चित्र बदललंय. शहापूरच्या डोंगरात आडव्या झालेल्या बुद्धाचा आकार दिसतो, त्याचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि सह्याद्रीत पाय तयार झालेली मुलं रविवारी सकाळी तिथं येऊन उभी राहतात. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी. नवखा माणूस मुळातच घाबरून, जपून चालतो. काळजी वाटते ती सराईतांची.

सोलापूरहून रायचूरकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलात तर सगळी गोष्ट बसल्या जागी कळते. कलबुर्गीपर्यंत काळी माती आणि तिच्याखाली आपला ओळखीचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शहाबाद-वाडीला फरशीच्या खाणी दिसायला लागतात. तो चुनखडक. (महाराष्ट्रातल्या किती शाळांमधली पोरं या शहाबादी फरशीवर बसून पाढे शिकली असतील, देव जाणे.) आणि वाडी सोडून यादगीरकडं निघालं की चुनखडकही मागं पडतो आणि सपाट रानातून गोलमटोल धोंडे डोकं वर काढतात. हा ग्रॅनाइट, दोन-अडीचशे कोटी वर्षांहून जुना. एका सकाळच्या प्रवासात पायाखालचा दगड दोनदा बदलतो. आपल्या सवयी मात्र पहिल्याच दगडाच्या राहतात.

काळा पाषाण थराथरानं बसलेला असतो. तो फुटतो तोही पायऱ्यापायऱ्यांनी. म्हणून सह्याद्रीत हाताला खाच मिळते, पायाला टप्पा मिळतो, दोन टप्प्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते. आणि धोका कुठं आहे ते दिसतं. कडा म्हणजे कडा: इथंवर जमीन, पुढं हवा. कोकणकड्यावर माणसं पोटावर झोपून खाली बघतात, कारण जमीन संपते ती रेघ डोळ्यांना स्पष्ट कळते.

ग्रॅनाइटच्या घुमटाला ही रेघच नसते. हा दगड बाहेरून आत असा सालीसालींनी सुटत जातो, त्यामुळं त्याला कोन राहत नाहीत. माथ्यावर तुम्ही जवळजवळ सपाटीवर उभे असता. चार पावलं खाली गेलात तर थोडा उतार, आणखी चार पावलांवर थोडा जास्त. कुठल्याच पावलाला ‘आता पुरे’ असं वाटत नाही. खालचा भाग फुगवट्यामुळं दिसत नाही, आणि मागं वळून बघावं तर आलेली वाट उतरताना वाटली त्यापेक्षा उभी दिसते.

आमच्याबरोबरच्या एका मुलाचं शहापूरला अगदी असंच झालं. मुलगा कच्चा नव्हता. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढून आलेला. फेब्रुवारीतली दुपार. खालच्या तळ्याचा फोटो नीट येईना म्हणून तो जरा पुढं झाला, मग आणखी जरा. हाक आली तेव्हा तो आमच्यापासून फार लांबही नव्हता, पण त्याला वर येता येईना आणि खाली जाता येईना. उन्हानं खडक असा तापलेला की हात टेकवेना. आम्ही वरून त्याच्याकडं जावं तर उतार आम्हालाही तोच. दोर होता, पण खाली जीपमध्ये.

त्याला बाहेर काढलं ते मेंढरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं. तो आला खालच्या अंगानं, आणि त्यानं वर ये की खाली उतर असलं काहीच सांगितलं नाही. काठीनं आडवं दाखवलं: डाव्या हाताला वाळक्या गवताची एक रेघ आहे, तिकडं सरक. गवत उगवलंय म्हणजे तिथं माती धरणारी भेग आहे, आणि भेग आहे म्हणजे पाऊल अडकवायला जागा आहे. कन्नडमधलं त्याचं बोलणं आम्ही वरून मराठीत ओरडून सांगत होतो. मुलगा बसून, तळवे टेकत, इंचाइंचानं भेगेपर्यंत गेला आणि तिच्यातून उतरला. तळहातांची सालं निघाली, घोटा सुजला. तेवढ्यावर भागलं.

त्या म्हाताऱ्याकडून शिकलेली गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: इथं वाट शोधायची ती भेगांमधून, गवताच्या आणि झुडपांच्या ओळींमधून. मोकळा गुळगुळीत उतार कितीही सोपा दिसला तरी त्यावर पाऊल टाकण्याआधी तळ दिसतोय का बघा. दिसत नसेल तर तो तुमचा रस्ता नाही. आणि चढताना एक नियम पाळा. दहा पावलं चढलात की वळा आणि पाच पावलं उतरून बघा. ग्रॅनाइटवर चढणं फसवं सोपं असतं. ज्या उताराला वर जाताना पाऊल चिकटतं, तोच खाली येताना सोडून देतो.

सह्याद्रीतली आणखी एक सवय इथं घात करते. घाबरलं की आपण खडकाला बिलगतो. कातळटप्प्यावर ते चालून जातं, कारण हाताला धरायला काही असतं. इथं धरायला काही नाही, सगळी भिस्त बुटाच्या तळव्यावर. छाती खडकाला लावली की अंगाचं वजन पायांवर सरळ पडत नाही आणि तळवा सटकतो. भीती वाटली तरी कमरेतून ताठ उभं राहायचं, टाच खाली, पावलं छोटी, आणि तळवा जास्तीत जास्त टेकवायचा. चिखलासाठी केलेल्या खोल खाचांच्या बुटांपेक्षा सपाट, मऊ रबराचा तळ इथं बरा. या दगडाची भरड रेती सुटून उतारावर पसरलेली असते. फरशीवर ज्वारी सांडावी आणि तीवरून चालावं तसं होतं. पाऊल टाकण्याआधी बुटानं ती बाजूला सारायची. खडकावर पोकळ आवाज आला तर ती सुटलेली साल आहे, तिच्यावर भार नको. काळे पट्टे म्हणजे पाणी वाहण्याच्या जागा. कोरडे असताना निभतं, पण चार थेंब पडले की त्यांच्यावर उभं राहता येत नाही. आमच्याकडं सप्टेंबर हा पावसाचा मोठा महिना, तो टाळाच.

दोर बांधायचा तर जमिनीत रुतलेल्या धोंड्याला किंवा जिवंत, जाड झाडाला. दुसऱ्या धोंड्यावर नुसता टेकून बसलेला दगड घराएवढा असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि दोर पाठीवर हवा, गाडीत नव्हे.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, आमचा उन्हाळा चाळिशीच्या पुढंच असतो. पण हा दगड दिवसभर तापतो आणि सूर्य मावळल्यावरही धग सोडत राहतो, म्हणून ‘संध्याकाळी उतरू’ हा बेत इथं लागू पडत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, पहाटे चढाई, दहा-साडेदहाला खाली. माथ्यावरच्या खळग्यांतलं पाणी पावसाळ्यानंतर लवकरच हिरवं पडतं, तेव्हा प्यायचं सगळं खालूनच न्यायचं. धोंड्यांच्या पोकळीत हात घालण्याआधी काठी घाला. फुरसं अशाच जागी असतं. कपारीखाली आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको, गुपचूप वळायचं.

गोव्याकडच्या वाचकांनी हे परक्या मुलखाचं समजू नये. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर ग्रॅनाइटचाच आहे, काणकोणच्या बाजूलाही हा दगड आहे. तिथं समुद्राच्या दमट हवेनं शेवाळ जास्त, एवढाच फरक. चंद्रेश्वर-भूतनाथाच्या देवळापर्यंत चांगली वाट आहे. ती सोडून कातळावर गेलात तर वरचं सगळं तिथंही लागू.

ज्यांना या दगडाशी ओळख करून घ्यायची आहे त्यांनी आधी यादगीरचा किल्ला करावा. गावातच आहे, पायऱ्या आहेत, तटबंदी आहे, वाटेत खडकात कोरलेले तीर्थंकर आहेत आणि पाण्याची टाकी आहेत. तिथल्या एखाद्या बुटक्या धोंड्यावर, पडलो तरी गुडघाच फुटेल अशा उंचीवर, तासभर चढउतर करून पाहा. सुरपूरला इंग्रज अधिकारी मेडोज टेलरचा बंगला टेकडीवर आहे, तोही बघून घ्या. शहापूर त्यानंतर. कन्नड बोलणारं कुणीतरी बरोबर असू द्या, आणि चढण्याआधी पायथ्याच्या मेंढक्याला कुठली बाजू उतरते ते विचारा. चढायची बाजू कुणीही दाखवेल. आमच्या भागातल्या मुलांना कन्नड येतंच. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी आमच्यातलं एखादं माणूस सोबतीला मागावं. चहाचे पैसे आम्ही देऊ.